नेमाडे यांनी आखलेल्या तीन वाटा

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) नाव बहुतेकांना पाठ असते. पाठांतरातल्या या नोंदीला इतिहासाचा कणा मानणारा समीक्षक स्वतः कादंबरीकार होता.

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये खानदेशातील सांगवीचा. ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा ते पंचविशीत होते. पुण्यात शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर, धाकट्या बहिणीचा मृत्यू, रिकाम्या हाताने गावी परतणे, कथानक एवढेच. फडके-खांडेकरांच्या घडीव गद्यावर पोसलेल्या वाचकाला तिच्या भाषेने मात्र हादरवले.

पोटापाण्याचा व्यवसाय इंग्रजी शिकवण्याचा. मुंबईच्या उपनगरात, सांताक्रूझ-कालिन्याच्या विद्यापीठ संकुलात, ते तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनाचे प्राध्यापक होते. इंग्रजीच्या प्राध्यापकाने देशीवाद मांडावा, यावर टीकाकारांनी बोट ठेवले. परंतु परकी कादंबरी जवळून वाचणाऱ्यालाच तीही आपापल्या मातीतून उगवते हे आधी उमगणार.

‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ या निबंधात नेमाडे आरंभीच्या तीन कादंबऱ्यांतून तीन प्रवृत्ती काढतात. ‘यमुनापर्यटन’मधील यमुना नवऱ्यासह प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांची दुःखे पाहते, ही वास्तवाला भिडणारी वाट. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) अद्भुतरम्य मनोरंजनाची. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) शिवकाळात शिरणारी, ऐतिहासिक.

नेमाडे यांचे माप पहिल्या वाटेच्या पारड्यात पडते. वर्तमानाकडे पाठ फिरवण्यासाठी भूतकाळ वापरला जातो, हा त्यांचा ऐतिहासिक कादंबरीवरील मुख्य आक्षेप. गडकिल्ल्यांच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या इतिहासप्रेमींना तो झोंबतो, आणि सरसकट लावला तर अन्यायकारकही ठरतो. तरी त्याने एक जुनी सवय मोडली: कादंबरी किती रंगते याआधी ती कोणत्या समाजाविषयी बोलते, हे विचारले जाऊ लागले. साहित्य अकादमीने नेमाडे यांना पुरस्कार दिला तोही कादंबरीसाठी नव्हे, ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. ज्ञानपीठ २०१४ चे.

गंमत पुढेच आहे. २०१० मध्ये त्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि कादंबरी उघडते ती मोहेंजोदडोच्या उत्खननावर.