बिलाखालची ओळ

नारायण पेठेत आमचा छापखाना होता. दोन ट्रेडल यंत्रं, कागद कापायचं एक कटर आणि भिंतीला लागून छपाईच्या खिळ्यांच्या केसा. पुस्तकं आम्ही फारशी छापली नाहीत. लग्नपत्रिका, लेटरहेडं, देणगीची पावतीपुस्तकं असली कामं असायची, पण छापखाना चालायचा तो बिलबुकांवर. 1968 साली मॅट्रिक झालो आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हाताखाली जुळारी म्हणून उभा राहिलो. पुढची तीस वर्षं पुण्यातल्या किती दुकानांची बिलं माझ्या बोटांखालून गेली याची मोजदाद नाही. ग्राहक आणि दुकानदार यांच्यात काय बदलत गेलं, ते मी बिलांच्या तळाशी वाचलं आहे.

अण्णांच्या काळातल्या बहुतेक बिलांखाली एकच वाक्य असे: ‘चूकभूल द्यावी घ्यावी.’ वहीखात्याच्या भाषेतलं हे वाक्य. बेरजेत माझ्याकडून जास्त लागले असतील तर मी परत देईन, कमी लागले असतील तर तुम्ही आणून द्या, असा त्याचा अर्थ. देणं आणि घेणं दोन्ही त्यात आहे आणि दोन्ही बाजूंना सारखं आहे. डाळीत खडे निघाले तर आई पुडी तशीच बांधून वाण्याकडे पाठवायची आणि तो मुकाट बदलून द्यायचा. तो काही संत नव्हता. महिन्याची उधारी त्याच्याच वहीत होती आणि एक तारखेला पैसे घेऊन आई तिथेच जाणार होती, म्हणून तो बदलून द्यायचा.

मी कामाला लागलो तोवर दुसरी ओळ आली होती. लक्ष्मी रोडवरचे एक कापडवाले शेठ बिलबुकाचा मजकूर घेऊन येत आणि जाताना पायरीवरून वळून म्हणत, “अण्णा, खालची ओळ विसरू नका हां.” खालची ओळ म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही ओळ इतक्या वेळा लागे की प्रत्येक वेळी नव्याने जुळवणं परवडेना. म्हणून दहा पॉइंटात तिचे दोन संच जुळवून, दोऱ्याने बांधून, जुळणीच्या दगडाच्या कोपऱ्यात कायमचे ठेवलेले असत. बाकीचा मजकूर छपाई झाली की सोडायचा, खिळे परत केसेत टाकायचे. ही ओळ मात्र कधी सुटली नाही. टाइप झिजून काने तुटले, की तेवढे बदलायचे.

तेव्हा वाटायचं, छापलं आहे म्हणजे कायदाच असणार. गिऱ्हाइकांनाही तसंच वाटे. पुष्कळ वर्षांनी एका वकील मित्राने मला 1930 चा माल विक्री कायदा वाचायला दिला. खरेदीदाराने स्वतः सावध राहावं, हा त्याचा पाया. पण कलम 16 मध्ये अपवाद आहेत. ज्या कामासाठी वस्तू हवी ते विक्रेत्याला सांगितलं असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला चालली पाहिजे. वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या प्रतीचा हवा. म्हणजे सदोष माल गळ्यात मारण्याची मुभा 1930 मध्येही नव्हती. मात्र त्याच कायद्याचं कलम 62 म्हणतं की असं गृहीत धरलेलं बंधन उभयतांना स्पष्ट कराराने बाजूला सारता येतं. बिलाखालची ओळ हे त्या पळवाटेचं सोंग होतं. ‘सोंग’ म्हणतो, कारण करार दोघांत ठरतो आणि बिल हातात पडतं ते पैसे देऊन झाल्यावर. पण दिवाणी कोर्टाची पायरी चढून हे म्हणणार कोण? साडीची किंमत साठ रुपये, वकिलाची फी त्याहून जास्त.

तो टंचाईचा काळ होता. रॉकेलला रांग, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. मिळालं हेच नशीब, अशी गिऱ्हाइकाची मनःस्थिती होती. तरीही एक सांगतो. ज्या शेठजींची ओळ मी बांधून ठेवली होती, त्यांच्याच दुकानात माझ्या बहिणीच्या साडीचा रंग गेला तेव्हा त्यांनी ती बदलून दिली. ओळ छापलेली होती, पण ती लागू करायची की नाही हे ठरवणारा माणूस गादीवर बसलेला होता. मोठ्या दुकानांनी पुढे ही ओळ उचलली, पण तो गादीवरचा माणूस काढून टाकला. माझी मोठ्या दुकानांबद्दलची सगळी तक्रार या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

या ओळीविरुद्ध पहिली हालचाल बायकांनी केली, हे ठळकपणे लिहायला हवं. 1966 साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. भेसळ, वजनमाप, फसव्या जाहिराती या गोष्टी त्यांनी हाती घेतल्या. 1974 मध्ये आमच्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मुंबईच्या पंचायतीची रीत मला फार आवडते. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करायचे, महिन्याची यादी आगाऊ गोळा करायची, माल घाऊक बाजारातून पारखून आणायचा आणि एकमेकींच्या घरी वाटप करायचं. ज्या बाईने तांदूळ वाटला तिचा जिना शेजारणीला ठाऊक असतो. खराब निघाला तर तक्रार कुठे करायची, हा प्रश्नच उरत नाही.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांची हस्तपत्रकं आमच्याकडे छापायला येत. ‘बिल मागा’ हे त्यांवरचं ठळक टायपातलं वाक्य. एकाच दगडावर एका कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेली ती ओळ आणि शेजारी हे ‘बिल मागा’. अण्णा दोन्ही छापत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “आपण जुळारी. पण वाचायला कुणी मनाई केली आहे का?” त्या दिवसापासून मी छापत असलेला मजकूर वाचायला लागलो.

एप्रिल 1985 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी, 24 डिसेंबर 1986 ला, आपला ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याचं मोठेपण जिल्हा मंचात होतं. जिल्हा न्यायाधीशाच्या योग्यतेचा अध्यक्ष, दोन सदस्य, त्यांपैकी एक स्त्री. वकील लागत नसे, सुरुवातीला फीही नव्हती. एक लाखापर्यंतचा दावा जिल्हा पातळीवरच, साध्या कागदावर. दुरुस्ती, बदली, पैसे परत, नुकसानभरपाई यांपैकी काहीही मंच देऊ शकत असे. साठ रुपयांची साडी पहिल्यांदाच कोर्टाच्या दारापर्यंत जाऊ शकली.

ट्रेडल मी 1998 मध्ये विकलं. टाइप भंगारात किलोवर गेला. पुढची बिलं संगणकातून निघायला लागली आणि शहराबाहेर मोठमोठी दुकानं आली. 2014 मध्ये तशाच एका दुकानातून आम्ही कपडे धुण्याचं यंत्र घेतलं. तिसऱ्या धुण्याला खालून पाणी गळायला लागलं. दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, हे कंपनीचं आहे, आम्ही फक्त विकतो.” कंपनीत फोन केला तर बसवणाऱ्याची चूक, बसवणारा माणूस दुकानाने पाठवलेला. मी अकरा फोन केले आणि दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला. ते सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले. त्या मुलाचा मला राग आला नाही. तो अदबीने बोलत होता, पण त्याच्या हातात काहीच नव्हतं. यंत्र बदलून द्यायचा अधिकार त्या संपूर्ण इमारतीत कुणालाच नव्हता.

पाच महिन्यांनी कपाटातून बिल काढलं तर कागद जवळजवळ कोरा. छापखान्यात जन्म काढलेल्या माणसाला हे झोंबलं. या बिलांवर शाईच नसते. कागदाला उष्णतेने काळं पडणारा लेप असतो, छपाईचं डोकं तापतं आणि अक्षर उमटतं. ऊन लागलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलं, की ते उडून जातं. अण्णांनी 1955 मध्ये छापलेलं पावतीपुस्तक माझ्याकडे आहे, त्याचा एक काना फिका झालेला नाही. आणि इथे यंत्राची हमी दोन वर्षांची, हमीच्या पुराव्याचं आयुष्य पाच महिन्यांचं! नशीब, खरेदीच्याच दिवशी सवयीने झेरॉक्स काढली होती.

पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवलं, पंधरा दिवस वाट पाहिली. मग तक्रारीचा कागद, झेरॉक्स, कॅलेंडरची ती पानं आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे 100 रुपयांची पोस्टल ऑर्डर घेऊन मंचात गेलो. माल तपासायची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. तिसऱ्या तारखेला दुकानाच्या वकिलांनी यंत्र बदलून देण्याचं लिहून दिलं. पहिल्या फोनपासून तोवर चौदा महिने गेले होते. बायको तोवर हाताने धूत होती.

नवा कायदा 2019 चा, लागू झाला 20 जुलै 2020 पासून. आता ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. मोठ्या दुकानाचं मुख्यालय कुठे आहे, हे शोधत बसावं लागत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. त्याआधीच, 2019 मध्ये, चंदिगढमध्ये जोड्याच्या दुकानाने कागदी पिशवीचे 3 रुपये लावले, तर मंचाने 9,000 रुपये भरायला लावले. तीन रुपयांसाठी अर्ज लिहिणाऱ्या त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझं लक्ष मात्र नव्या कायद्यातल्या कलम 2 च्या 47व्या उपकलमाकडे आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या पुढेच, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. माझी दोऱ्याने बांधलेली ओळ अशी बेकायदेशीर ठरली, अण्णा गेल्यानंतर. पण वाक्य पुरतं वाचा. माल परत घ्यायचा तो बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे दुकानाने ‘सात दिवस’ छापलं की 30 दिवसांचा आधार गेला. ठरवणार शेवटी बिलाखालची ओळच, आणि ती अजूनही दुकानदार एकटाच लिहितो. 30 दिवस ही किमान मुदत म्हणून कायद्यात घालायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे आणि जिथे बोलावतात तिथे मी ते सांगतो.

माझ्याकडे आता शेजारपाजारचे लोक बिलं घेऊन येतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कुकर सध्या टेबलावर आहे. झाकणाची कड वाकडी, वाफ धरत नाही. दुकानाने दोनदा परत पाठवलं. बिल भिंगाखाली दोन्ही बाजूंनी वाचलं, मुदत कुठेही छापलेली नाही, म्हणजे 30 दिवस. आज एकविसावा. पत्र लिहून झालं आहे, बिलाच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत, काकूंची सही तेवढी राहिली आहे. त्या संध्याकाळी भाजी घेऊन येतील तेव्हा घेतो, सकाळच्या स्पीड पोस्टात पडेल.