मिंदेलो बंदर आणि त्याची गायिका

मिंदेलो हे शहर कोळशाने वसविले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर अंतरावर अटलांटिक महासागरात केप व्हर्द नावाचा जो दहा बेटांचा समूह आहे, त्यातील मिंदेलो ज्यावर वसले आहे ते साँव व्हिसेंत बेट इतके निर्जल आणि इतके उजाड, की पोर्तुगिजांचा अंमल या समूहावर पंधराव्या शतकातच बसला असूनही पुढील तीनशे वर्षे तेथे वस्तीने मूळ धरले नाही. 1497 साली हिंदुस्थानचा मार्ग शोधीत निघालेला व्हास्को द गामा याच समूहातील सांतियागो बेटावर रसद भरून घेण्यासाठी थांबला होता; साँव व्हिसेंतकडे वळण्याचे त्याला काही प्रयोजन नव्हते. या बेटाला निसर्गाने एकच वस्तू दिली होती, आणि ती म्हणजे एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखातून घडलेला, खोल पाण्याचा व वाऱ्यापासून सुरक्षित असा पोर्तो ग्रांदे उपसागर. शिडाच्या जहाजांना ज्याची फारशी मातब्बरी नव्हती, तो उपसागर वाफेच्या जहाजांना एकाएकी अनमोल वाटू लागला. 1838 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन लुईस नावाच्या लेफ्टनंटने तेथे कोळशाची पहिली वखार घातली. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबईहून सुवेझकडे जाणाऱ्या आगबोटींना कोळसा मिळावा हा एक हेतू मनात धरून, मुंबई सरकारच्या फौजेने एडन काबीज केले. एकाच व्यापारी सत्तेची, एकाच इंधनाच्या गरजेतून निघालेली ही दोन कामे होती.

1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि पूर्वेकडचे दळणवळण त्या वाटेने वळले, तरी ब्राझील आणि अर्जेंटिनाकडे जाणारी जहाजे मिंदेलोस थांबतच राहिली. वेल्समधून कोळसा यावा, वखारींत साठावा, पाट्या-पोत्यांतून पडावांवर चढावा आणि नांगरलेल्या बोटींच्या पोटात रिता व्हावा, या एका उद्योगावर शहर पोसले जाऊ लागले. 1874 मध्ये समुद्रतळावरून तारायंत्राची दोरी तेथे पोहोचली, 1879 मध्ये वस्तीला शहराचा दर्जा मिळाला, आणि इंग्रज कारकुनांच्या पाठोपाठ क्रिकेट, फुटबॉल व गोल्फ हे खेळही त्या खडकाळ बेटावर आले. आणि हे सारे चालले असताना पिण्याचे पाणी मात्र शेजारच्या सांतो आंताँव बेटावरून गलबतांतून आणावे लागे. ज्या शहराला पाणीसुद्धा विकत घ्यावे लागते, त्याच्या समृद्धीचा पाया किती उथळ असेल हे ओळखण्यास विशेष दूरदृष्टीची आवश्यकता नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच तो पाया खचू लागला. डाकार आणि लास पाल्मास या बंदरांनी गिऱ्हाईक ओढून नेले, पुढे जहाजे कोळसा सोडून तेलावर चालू लागली, आणि ज्यांना रोजंदारीवाचून अन्य आधार नव्हता असे हजारो लोक धक्क्यावर रिकामे बसले. 1934 साली उपाशी माणसांचा जमाव शहराच्या रस्त्यांवर उतरला व धान्याची कोठारे फुटली. त्यानंतर 1941 ते 1943 आणि पुन्हा 1947-48 या काळांत अवर्षणाने जे दुष्काळ पडले, त्यांत या द्वीपसमूहातील माणसे हजारोंनी मेली. लिस्बनच्या कारभाराने यावर जो उपाय योजला तो असा, की भुकेल्या रयतेकडून करारनामे लिहून घ्यावेत आणि तिची रवानगी दक्षिणेस विषुववृत्तावरील साँव तोमे बेटावर, कोकोच्या मळ्यांत मजुरीसाठी करावी. करार ठरावीक मुदतीचे असत. पण त्या मुदतीअखेर घरी परतण्याइतकी पुंजी हाती उरेलच अशी शाश्वती नसे. परक्या मुलखात अडकून पडलेल्या या मजुरांचे दुःख पुढे ज्या गळ्यातून जगाला ऐकू जावयाचे होते, तो गळा याच पहिल्या दुष्काळाच्या वर्षी, 27 ऑगस्ट 1941 रोजी, मिंदेलोत जन्माला आला.

सेझारिया एव्होरा हिचे वडील व्हायोलिन वाजवीत आणि आई लोकांच्या घरी स्वयंपाक करी. मुलगी सात वर्षांची असताना वडील वारले. पुढे, एकट्या आईला संसाराचा भार पेलवेना तेव्हा, दहाव्या वर्षी तिला अनाथाश्रमात ठेवावे लागले. या अर्थाने तिचा आरंभ दारिद्र्याचा खरा. पण संगीताच्या बाबतीत ती दरिद्री नव्हती, हे तिच्या चरित्रकथांत पुरेशा ठसठशीतपणे सांगितले जात नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो.

केप व्हर्दच्या गीतप्रकारांत अग्रमान मोर्नाचा. विलंबित लय, बहुधा खिन्न स्वरावली, आणि विरह, समुद्र, मातृभूमी व प्रयाण हे विषय, असे तिचे स्थूल स्वरूप होय. तिचा उगम परंपरा बोआ व्हिस्ता बेटावर मानते. ब्राव्हा बेटावरील एउझेनियो ताव्हारेस (1867–1930) या कवीने तिला क्रिओल भाषेतील भावकाव्याची प्रतिष्ठा दिली. आणि मिंदेलोने तिला जगाचे वारे दिले. बंदरात ब्राझीलची जहाजे येत, त्यांतील खलाशी गिटार घेऊन उतरत, आणि ते वाजवीत असलेल्या स्वरसंगती ऐकून मिंदेलोचे वादक त्या आपल्या मोर्नात मुरवून घेत. 'बी. लेझा' या नावाने विख्यात झालेला फ्रान्सिस्को शाव्हियेर दा क्रुझ (1905–1958) हा या मिश्रणाचा थोर कारागीर: एका स्वरसंगतीतून दुसरीत जाताना मध्ये अर्ध्या स्वराची पायरी ठेवण्याची ब्राझिली युक्ती त्याने मोर्नात रुजविली, आणि जे गीत पूर्वी सरळ रेषेने चालत असे ते वळणे घेऊ लागले. हा बी. लेझा सेझारियाच्या नात्यातला. गिटार, चार तारांचे चिमुकले कावाकिन्यो, व्हायोलिन आणि जमल्यास पियानो एवढ्या सामग्रीवर हे संगीत उभे राही. त्याला विद्यालय नव्हते, आणि राजाश्रय तर नव्हताच. 1936 मध्ये याच शहरातून 'क्लारिदाद' हे नियतकालिक निघाले आणि बेटांवरील लेखक आपल्या दुष्काळाविषयी व आपल्या माणसांविषयी लिहू लागले, त्यातही मोर्नाची दखल घेतली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे बंदराच्या ऐहिक ऱ्हासाचा काळ हाच त्याच्या वाङ्मयाच्या व गायनाच्या बहराचा काळ होता असे दिसून येते.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास, एका गिटारवादक मित्राच्या आग्रहावरून, सेझारिया खलाशांच्या गुत्त्यांत गाऊ लागली. मोबदला म्हणजे कधी थोडे पैसे, कधी एखादा पेला. पुढे बंदरात नांगर टाकणाऱ्या पोर्तुगीज प्रवासी बोटींवरही तिला बोलावणे येई. मिंदेलोच्या नभोवाणीसाठी 1960 नंतरच्या दशकात तिने जी गीते ध्वनिमुद्रित केली, ती तब्बल चार दशकांनी, 2008 मध्ये, संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. ती ऐकताना जाणवते ते हे, की पुढे जगाला ज्या आवाजाने भुरळ घातली तो त्या तरुणपणीच जवळजवळ पूर्ण घडलेला होता. वयोमानाने त्याला खर्ज आणि विसावा दिला एवढेच. तेव्हा अभाव गुणांचा नव्हता, वाटेचा होता. लिस्बन दूर होते, आणि क्रिओल भाषेतील गाण्याला तेथील बाजारात किंमत नव्हती.

5 जुलै 1975 रोजी केप व्हर्द स्वतंत्र झाले. ही घटना त्या जनतेच्या दृष्टीने मंगल होती याविषयी संदेह नाही; परंतु जुना अंमलदारवर्ग, त्याची पलटण आणि त्याच्या बोटी निघून गेल्यावर ज्या गुत्त्यांवर गायकांचे पोट अवलंबून होते ते ओस पडले, आणि नव्या राष्ट्राची राजधानी सांतियागो बेटावरील प्राया येथे असल्यामुळे मिंदेलोकडे कारभाराचे लक्षही बेताचेच राहिले. सेझारियाने गाणे सोडले. आईच्या घरी, मुलांना वाढवीत, मद्याच्या आहारी जाऊन तिने सुमारे दहा वर्षे काढली. तिचे चरित्र सांगणारे बहुतेक लेखक हा कालखंड चार ओळींत उरकतात, कारण त्यात सांगण्याजोगी घटना नाही. पण चौतीस ते चव्वेचाळीस हे गायकाच्या गळ्याचे ऐन पक्वतेचे वय असते, आणि ते तिच्यासारखीचे मुकाट्याने वाया गेले याची हळहळ मला तरी आवरत नाही.

सुटका झाली ती परदेशी गेलेल्या देशबांधवांच्या हातून. उपासमारीने जे लोक बेटे सोडून गेले त्यांच्या वसाहती लिस्बन, रॉटरडॅम, पॅरिस आणि अमेरिकेतील न्यू बेडफर्ड येथे उभ्या राहिल्या होत्या. बेटांवर राहणाऱ्यांपेक्षा बेटांबाहेरचे केप व्हर्दी लोक अधिक, अशी स्थिती होती. घराच्या ओढीने मोर्ना विकत घेऊन ऐकणारा पहिला भरवशाचा श्रोता हाच. 1985 च्या सुमारास सेझारिया लिस्बनला जाऊन आली, आणि 1987 मध्ये तेथेच तिचे गाणे जोझे दा सिल्व्हा या तरुणाने ऐकले. तो केप व्हर्दी वंशाचा, फ्रान्सच्या रेल्वेत नोकरी करणारा. संगीताच्या धंद्यात त्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. त्याने तिला पॅरिसला नेले आणि 1988 मध्ये पहिली तबकडी काढली, तिचे शीर्षक 'अनवाणी गायिका' अशा अर्थाचे होते. रंगमंचावर पायांत काही न घालता उभे राहण्याची तिची रीत होती, आणि हेच तिचे बिरुद झाले. पुढे 1991 मध्ये 'मार अझुल' आणि 1992 मध्ये 'मिस पेर्फुमादो' या तबकड्या निघाल्या. दुसरीच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा सेझारियाने पन्नाशी ओलांडली होती.

पॅरिसच्या ऑलिंपियासारख्या नाट्यगृहांत तिचा कार्यक्रम पाहणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसे. कार्यक्रमाच्या मध्यावर वादकमंडळी नुसते वाद्यसंगीत सुरू करीत. ती रंगमंचावर मांडलेल्या एका लहानशा मेजापाशी जाऊन बसे, सिगारेट पेटवी, आणि प्रेक्षकांकडे न पाहता, गुत्त्यातील विश्रांतीच्या वेळी बसावे तशी, शांतपणे धूर सोडीत वादन ऐके. मद्य तिने 1994 मध्ये सोडले, तरी मेज आणि सिगारेट राहिली. हजारो लोक मूल्य देऊन ज्या बाईला पाहण्यास आले आहेत तिने असे त्यांच्यासमोर निवांत बसावे, यात काहींना नाटकीपणा वाटला. मला तो आक्षेप मान्य नाही. गायन हा श्रमाचा व्यवसाय आहे आणि श्रमानंतर बसावयाचे असते, ही मिंदेलोच्या धक्क्यावरची रीत तिने जगाच्या रंगमंचावर बदलली नाही.

येथे गोमंतकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तोच राज्यकर्ता, तेच व्हायोलिन, तेच विरहाचे विषय. साष्टीच्या भाटकारांच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो हा गीतप्रकार घुमट या वाद्याच्या ठेक्यावर कोंकणीत जे गातो त्यात आणि मोर्नात रक्ताचे नाते नसले तरी संस्कारांचे साम्य आहे. गोमंतकातूनही तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजांवर गेले, मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिले, आणि चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या त्यांच्या भाऊबंदांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्ये वेचली. परंतु मांडो हा बहुतांशी प्रतिष्ठित घराण्यांच्या लग्नसमारंभांचा अलंकार राहिला, तर मोर्ना गुत्त्यात आणि धक्क्यावर सर्वांच्या तोंडी होती. आणि त्यामुळेच, माझ्या मते, स्वयंपाकिणीच्या मुलीला तिच्यावर हक्क सांगता आला.

पुढील कीर्तीचा तपशील सर्वश्रुत आहे. 2003 च्या 'व्होझ द'आमोर' या संग्रहाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, फ्रान्सने आपला 'लेजियन द'ऑनर' हा सन्मान दिला, आणि वर्षातील बराच काळ ती परदेश दौऱ्यांवर राहू लागली. मिळालेल्या पैशातून तिने मिंदेलोतच मोठे घर घेतले; त्या घराचे दार आल्यागेल्यास उघडे असे आणि स्वयंपाकघरात मका-कडधान्याची काशूपा शिजत असे. प्रकृती ढासळल्यामुळे सप्टेंबर 2011 मध्ये तिने गायनातून निवृत्ती जाहीर केली, आणि 17 डिसेंबर रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आपल्याच शहरात तिचे देहावसान झाले. बेटाच्या विमानतळाला आता तिचे नाव आहे, दोन हजार एस्कुदोंच्या नोटेवर तिची छबी आहे, आणि 2019 मध्ये युनेस्कोने मोर्नाची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

मला मात्र या साऱ्याहून महत्त्वाचा वाटतो तो गीतकारांना मिळालेला न्याय. सेझारिया स्वतः गीते रचीत नसे, बी. लेझा, मानुएल द नोव्हास, नांदो दा क्रुझ अशा बेटांवरील रचनाकारांची गीते ती गाई, आणि तबकड्यांवर त्यांची नावे छापली जात. तिचे सर्वांत विख्यात गीत 'सोदाद' हे साँव तोमेस निघालेल्या मजुरांना निरोप देणारे. 1974 मध्ये अंगोलाच्या बोंगा या गायकानेही ते गाइले होते. सेझारियाच्या गळ्यातून ते जगभर गेल्यावर त्याच्या कर्तृत्वावर एकाहून अधिक हक्कदार उभे राहिले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. ते मूळ रचले होते साँव निकोलाव बेटावरील आर्मांदो झेफेरिनो सोआरिश या व्यापाऱ्याने, 1950 नंतरच्या दशकात, आपल्या गावची माणसे करारावर निघाली तेव्हा. 2006 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तो तेव्हा अतिशय वृद्ध झाला होता, पण हयात होता.