अनोळखी परीक्षकांचा कौल : बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने आणि कुलाबा जिल्हा

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि वरच्या अंगाला घाटाच्या पायथ्याशी वसलेले पोलादपूर ही गावे आज रायगड जिल्ह्यात मोडतात. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आणि बाणकोटच्या खाडीतून दासगाव बंदरापर्यंत चालणाऱ्या जलवाहतुकीमुळे या मुलखाचा ओढा पूर्वीपासून मुंबईकडे राहिला. व्यापार, नोकरी आणि उच्च शिक्षण यांप्रमाणे चित्र-शिल्पकलेतील मान्यतेची वाटही मुंबईलाच जात असे. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी ही मान्यता आपल्या वार्षिक प्रदर्शनातून देत आली.

हे प्रदर्शन परीक्षित असे, म्हणजे कलावंतांनी पाठवलेल्या कलाकृतींतून कोणत्या भिंतीवर लावायच्या आणि कोणत्या परत पाठवायच्या हे परीक्षक मंडळ ठरवी, व स्वीकारलेल्यांपैकी उत्तम ठरणाऱ्या कृतींना पदके आणि रोख पारितोषिके मिळत. ही पद्धत युरोपातून आली. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे वार्षिक प्रदर्शन १७६९ पासून भरत होते, तर पॅरिसमध्ये १८६३ साली परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली की नाकारलेल्यांचेच वेगळे प्रदर्शन भरवावे लागले. मुंबईतील सोसायटीवर आरंभी युरोपीय अधिकारी आणि हौशी चित्रकारांचा पगडा होता. तरीही सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या म. वि. धुरंधरांनी १८९५ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळवले, आणि गणपतराव म्हात्रे यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प त्याच काळात गाजले.

या पदकाचे मोल सोन्यारुप्याच्या वजनावर ठरत नव्हते. त्यापूर्वी कलावंताची पत त्याच्या आश्रयदात्यावर, म्हणजे बहुधा एखाद्या संस्थानिकावर किंवा धनिकावर अवलंबून असे. परीक्षित प्रदर्शनात मात्र ज्यांची कलावंताशी ओळख नाही अशा लोकांनी निवाडा करावा अशी अपेक्षा होती, आणि दरबारी वशिला नसलेल्या जिल्ह्यातील मुलाला त्याचाच खरा लाभ होता. अर्थात परीक्षकांसमोर पोहोचण्यासाठी आधी मुंबई गाठावी लागे, आणि तेथे जुना आश्रय पुन्हा डोके वर काढी. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ मध्ये जन्मलेले शिल्पकार वि. पां. करमरकर हे याचे बोलके उदाहरण होय. मूर्ती घडवणाऱ्या शेतकरी कुटुंबातील या मुलाने मंदिराच्या भिंतीवर काढलेली चित्रे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांच्याच मदतीने तो कलाशाळेत दाखल झाला. पुढे पुण्यातील शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा करमरकरांच्या हातून घडला व १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. ज्या राजाची राजधानी महाड तालुक्यातील रायगडावर होती, त्याच्या स्मारकाला याच जिल्ह्याचा शिल्पकार लाभावा हा योगायोगच म्हणायचा.

परीक्षक निष्पक्ष असले तरी अभिरुचीने बांधलेले होते. हुबेहूब रेखाटन आणि अभ्यासलेली छायाप्रकाशयोजना यांना झुकते माप मिळे, त्यामुळे पारितोषिकांची यादी कलेच्या इतिहासापेक्षा परीक्षकांच्या पसंतीचा इतिहास अधिक सांगते. भारतीय कलावंतांची स्वतंत्र संस्था असावी या भावनेतून सावळाराम हळदणकर आदींनी १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि तिनेही वार्षिक प्रदर्शनांचाच प्रघात चालू ठेवला. म्हणजे तक्रार निवाडा करणाऱ्यांविषयी होती, निवाड्याविषयी नव्हती. अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले, तेव्हा अभिरुची सरकू लागल्याचे दिसले. पुढे १९४७ मध्ये एकत्र आलेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांनी या साचेबंदपणाविरुद्ध बंड पुकारले, मात्र १९४९ मधील त्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच रॅम्पार्ट रोवरील दालनात.

१९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाल्यावर हीच रीत शासकीय यंत्रणेतही रुळली. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी आणि व्यावसायिक असे स्वतंत्र विभाग ठेवले गेले. तर शाळांमधून घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्याचे स्थिरचित्र आणि संकल्पचित्र मुंबई न गाठताही अनोळखी परीक्षकासमोर जाऊ लागले.