घोकंपट्टी आणि उजळणी

पाठांतराला सरसकट नावे ठेवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. मात्र आपल्या भाषेने या क्रियेसाठी दोन निरनिराळे शब्द राखून ठेवले आहेत, याकडे क्वचितच लक्ष जाते. एका बैठकीत तेच ते रटणे ही घोकंपट्टी. काळवंडू लागलेले पितळेचे भांडे घासावे, तसे विसरू लागलेले पुन्हा लख्ख करणे ही उजळणी. दोहोंतील भेद मध्ये जाऊ दिलेल्या काळाचा आहे.

पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दीडकी मुखोद्गत करून घेत. दिवेलागणीला घरोघरी परवचा होई. त्या शाळेतील छडीचे, किंवा अर्थ न सांगता पाठ करवून घेण्याचे, समर्थन आम्ही करणार नाही. तथापि कालचे आज आणि आजचे उद्या पुन्हा म्हणावयाचे, हा त्यातील क्रम शास्त्राला धरून होता.

त्याचे प्रमाण पुढे जर्मनीत मिळाले. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून स्मरणशक्ती मोजली व १८८५ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. बारा अक्षरसमूहांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा म्हटल्याने जो लाभ दुसऱ्या दिवशी दिसे, तोच लाभ तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने मिळे.

मग घोकंपट्टी टिकली कशी? १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, आणि त्यांच्या परीक्षांना नोकरी व प्रतिष्ठा चिकटली. परीक्षेच्या दिवसापुरते लक्षात राहिले म्हणजे झाले, ही वृत्ती त्यातून बळावली. दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे आहे. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन-प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास सराव करणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले. परंतु दिवस अधिक लागल्याने सर्वांत असमाधानीही तेच होते! एका दमात पुष्कळ केल्याचे समाधान असे फसवे असते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांना हा विचार विशेष लागू पडतो. नातवंडांची शाळा इंग्रजी, हिंदी, गुजराती वा कानडी माध्यमाची. मराठी वाचन उरते ते मे महिन्याच्या सुटीतील वर्गापुरते. वर्ग उत्तमच, पण दिवाळीपर्यंत जोडाक्षरे पुन्हा अडखळू लागतात. त्यापेक्षा रोज रात्री जेवणानंतर मराठीचे अर्धे पान मुलाने मोठ्याने वाचावे, आणि चार दिवसांनी तेच पान पुन्हा त्याच्यापुढे ठेवावे. परवचा घराघरांतून गेली, तरी तिची वेळ अजून रिकामी आहे.