उचललेला भार उतरवताना

विहिरीत पोहरा सोडताना दोर मोकळा सोडला, तर काय होते हे तुम्हांला सांगायला नको. पोहरा धाडकन पाण्यावर आपटतो. म्हणून जाणता माणूस दोर मुठीतून हळूहळू सरकू देतो. भार खाली ओढत असेल, तेव्हा त्याला मागून धरावे लागते. यंत्रविद्येलाही हेच शिकावे लागले. ते कसे, ते पाहू या.

कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कालने दाखवून दिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. या तत्त्वावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान पंपाने पाणी भरत जावे, आणि मोठ्या नळकांड्यातल्या दट्ट्याने प्रचंड भार उचलावा, अशी ही युक्ती. १८४६ साली विल्यम आर्मस्ट्राँगने न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी यारी, म्हणजे क्रेन, उभी केली. माल उतरवायचा तर नळकांड्यातले पाणी बेताबेताने बाहेर सोडायचे.

पण पाणी एकदम निसटले तर? १८४९ साली वेल्समध्ये मेनाय सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पूल बांधला जात होता. हजार टनांहून जड अशी लोखंडी नळी दाबयंत्राने वर चढवीत होते. नळी जसजशी चढेल, तसतशी खालची जागा भरून काढा, असा रॉबर्ट स्टीफन्सनचा आग्रह होता. ऑगस्टमध्ये नळकांड्याचे बूड फुटले. तेवढी अवजड नळी खाली आली, पण काही इंचच! टेकू होता, म्हणून पूल वाचला.

पुढे विसाव्या शतकात पाण्याची जागा बहुतेक ठिकाणी तेलाने घेतली. दट्ट्याच्या एका बाजूने तेल आत येते, तेव्हा दुसऱ्या बाजूचे बाहेर जाते. मग वेग आवरणारी झडप बसवावी कुठे? भारच दट्ट्याला ओढत असेल, तर आत येणारे तेल रोखून भागत नाही. दट्ट्या पुढे धावतो. बाहेर जाणारे तेल अरुंद वाटेने सोडले, म्हणजे तेच दट्ट्याला थोपवून धरते. पोहऱ्याचा दोर धरणारी मूठ ती हीच.

मात्र याची किंमत आहे. दांड्याच्या बाजूला दट्ट्याचे क्षेत्रफळ कमी असते. ते निम्मे असेल आणि पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो असेल, तर तिथे तो २०० पर्यंत चढू शकतो. ओढणाऱ्या भाराचा दाब आणखी वेगळा. म्हणून नळ्या नि जोड तितकेच भक्कम हवेत. भार धरणारी झडप तर नळकांड्यालाच बसवतात. पुढची नळी फुटली तरी तेल अडते.

गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या रबरी नळीने जोडाव्या, पाणी भरून एका उभ्या दट्ट्यावर लहानसे वजन ठेवावे आणि नळी बोटांनी चिमटावी. वजन किती सावकाश उतरते, ते मुलांनाच पाहू द्यावे.

आणि शेतकरी मंडळी, तेलाच्या दाबावर उचललेल्या ट्रॉलीखाली दुरुस्तीसाठी शिरायचे असेल, तर झडपेच्या भरवशावर शिरू नका. आधी मजबूत टेकू द्या. स्टीफन्सनने पुलाखाली केले ते हेच.