विंचूविष पेप्टाइडे

विंचूविष पेप्टाइडे : विंचवाच्या नांगीतील विषग्रंथींत तयार होणारी, ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्यांची संयुगे. साखळीत साधारणपणे ३० ते ७० ॲमिनो अम्ले असून गंधकाच्या अणूंमधील तीन-चार बंधांमुळे तिची घडी टिकून राहते. यांपैकी लांब साखळ्यांना लहान प्रथिने असेही म्हणतात.

भारतातील सर्वांत घातक असा लाल विंचू (हॉटेंटोटा टॅम्युलस, पूर्वीचे नाव ब्यूथस टॅम्युलस) कोकणात विपुल आढळतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत सरपण, पेंढा व बांधावरचे दगड हाताळताना विंचूदंशाचा धोका असतो. दुर्गम पाड्यांपासून रुग्णालय दूर असल्याने पहिल्या काही तासांतील उपचार निर्णायक ठरतो.

विषातील लांब साखळीची पेप्टाइडे तंत्रिका कोशिकांवरील सोडियम मार्ग वेळेवर मिटू देत नाहीत. परिणामी ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचा अतिरेकी स्राव होतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो, हृदय दुर्बल होते व फुप्फुसांत पाणी साचते. महाड (जि. रायगड) परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांचा क्रम बारकाईने नोंदविला. तो १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध रक्तवाहिन्यांवरील या स्रावाचा परिणाम रोखते, हे ओळखून त्यांनी ते विंचूदंशावर वापरले. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सु. ३० टक्के दगावत. या उपचाराने ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. हे औषध स्वस्त असून गोळीच्या रूपात प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते.

रेणूंचा उलगडा त्यानंतर झाला. १९९० मध्ये याच विंचवाच्या विषातून ३७ ॲमिनो अम्लांचे आयबेरिओटॉक्सिन वेगळे करण्यात आले. ते एका विशिष्ट प्रकारचे पोटॅशियम मार्ग बंद करते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत व तंत्रिकांत या मार्गांचे कार्य काय, हे तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा उपयोग होतो. ३१ ॲमिनो अम्लांच्या टॅमापिनचे वर्णन २००२ मध्ये झाले.

घोड्यांपासून मिळविलेले प्रतिविष व प्राझोसिन यांची महाड येथील ७० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ मध्ये ही संख्या ८ होती.