टाके, टँक आणि टँकर

छत्रपती संभाजीनगराहून जळगावच्या रस्त्याने निघाले म्हणजे लवकरच हर्सूल लागते. तेथे खाम नदीच्या पाण्याचा जो जलाशय आहे त्यास आम्ही तलाव म्हणतो. परंतु पाटबंधाऱ्यांच्या इंग्रजी कागदपत्रांत असल्या जलाशयास ‘टँक’ म्हणण्याची रीत जुनी आहे. हाच शब्द विलायतेतील मनुष्याने ऐकला तर त्याच्या डोळ्यांपुढे लोखंडी पेटी येईल, आणि शिपायाने ऐकला तर तोफ बसविलेली गाडी. एका शब्दाच्या पोटी इतके भिन्न अर्थ कसे आले, हे पाहू लागलो तर त्याचा माग आमच्याच उंबरठ्यापाशी येऊन थांबतो.

कान्हेरीच्या लेण्यांत व शिवनेरीच्या कड्यात खडक खोदून पाणी साठविले आहे, त्यास मराठीत टाके म्हणतात. गुजरातीतही त्याचे सख्खे भावंड आहे. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर उतरले, तेव्हा हा देशी शब्द त्यांच्या कानी पडला. पोर्तुगीजांचा ‘तांक’ हा त्याच अर्थाचा शब्दही येथे रुळलेला होता. कित्येक पंडित इंग्रजी शब्दाचे पितृत्व आपल्याकडे देतात, कित्येक पोर्तुगीजांकडे. दोहोंचा संगम झाला असे मानणे अधिक सयुक्तिक होय. यूल व बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही या वादाचा ऊहापोह आहे.

पुढे या शब्दाचे चमत्कारिक रूपांतर झाले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लिंकन येथे चिलखती गाड्या गुप्तपणे बांधविल्या. त्या पाणी वाहण्याच्या टाक्या आहेत अशी हूल उठविण्यात आली व १९१५ च्या अखेरीस ‘टँक’ हे सांकेतिक नाव पक्के झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रावर त्या प्रथम उतरल्या. गुपित फुटले, परंतु नाव मात्र चिकटून राहिले. अर्थ प्रकट करणे हा शब्दाचा धर्म. येथे अर्थ झाकण्यासाठीच त्याची योजना झाली होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापुराकडून निजामाच्या राज्यात शिरल्या, तेव्हा त्यांच्या आघाडीस हे टँक होते. पाण्याच्या भांड्याचे नाव धारण करून ती वाहने मराठवाड्याच्या मुक्तीसाठी आली. मराठीने त्यांस ‘रणगाडा’ हे अन्वर्थक नाव दिले. तरीही टँक हा शब्द बोलण्यात टिकलाच.

आज गच्चीवर टाकी आहे, मोटारीस टाकी आहे, आणि उन्हाळा लागला की गावोगाव टँकर आहे. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. जो शब्द खडकातल्या टाक्यापासून निघाला असावा, तो सातासमुद्रांपलीकडून चाके लावून परत आला आहे. याचे कौतुक करताना एक भेद मात्र विसरू नये. टाके गावाने आपल्या हातांनी खोदावे, गाळ काढून राखावे, आणि त्याने जागच्या जागी पावसाची वाट पाहावी, असा पूर्वीचा क्रम होता. टँकरची वाट आता गावालाच पाहावी लागते. शब्द परत आला याचा आनंद आहेच. परंतु त्याच्यामागे जी व्यवस्था होती ती परत आणणे हे कोशकारांचे काम नव्हे, ते आमचे आहे.